नाव दोन ठिकाणी, जबाबदारी कुणाची?

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि दुसऱ्या दिवसापासून घरातले फोन वाजायला लागतात. "अभिनंदन मॅडम! मुलाने छान टक्के मिळवलेत. पुढं काय ठरवलंय?" आपला नंबर आणि मुलाचे टक्के यांच्याकडे पोहोचले कसे, हे विचारायचं सुचण्याआधीच पलीकडचा आवाज तो शब्द टाकतो, 'इंटिग्रेटेड'. हा शब्द आता तालुक्याच्या गावातही इतका रुळलाय की हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, अगदी गिरणीच्या रांगेतही कानावर पडतो. "आमच्या पिंट्याला इंटिग्रेटेडला टाकलंय बाई, आता दोन वर्षं बघायलाच नको."

मैत्रिणींनो, बघायलाच नको असं ज्याच्याबद्दल आपल्याला सांगितलं जातं, ते आधी नीट बघावं, असं माझं मत आहे. म्हणून आज या विषयावर जरा सविस्तर बोलू या.

इंटिग्रेटेड म्हणजे काय? अकरावी-बारावी सायन्सच्या मुलाचं नाव एका ज्युनिअर कॉलेजच्या हजेरीपटावर असतं आणि तेच नाव नीट, जेईई किंवा सीईटीची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासच्या यादीतही असतं. कॉलेज आणि क्लास यांचा आपसात करार, ज्याला सगळे 'टाय-अप' म्हणतात. मूल दिवसभर क्लासमध्ये बसतं, कधी कॉलेजच्याच इमारतीत, कधी क्लासच्या. कॉलेज बारावीच्या फॉर्मपुरतं आणि प्रॅक्टिकलपुरतं. थोडक्यात काय, एक मूल, दोन संस्था आणि दोन फिया.

आता ही पद्धत सरसकट वाईट, असं म्हणून मी मोकळी होणार नाही. आई-बाप तिकडे का वळतात हे मला आमच्या बचत गटाच्या बायकांकडे बघून चांगलं कळतं. पूर्वी मूल सकाळी सातला कॉलेजला, दुपारी फिजिक्सच्या सरांकडे, संध्याकाळी केमिस्ट्रीच्या मॅडमकडे, असं सायकलवर गावभर फिरायचं. बाहेरगावाहून एसटीने येणाऱ्या पोरीचे हाल तर विचारूच नका. शेवटची गाडी चुकली की घरच्यांच्या जिवाला घोर. एका छताखाली सगळं मिळतंय, पोरगी अंधार पडायच्या आत घरी येतेय, तर का नको, असं कुठल्याही आईला वाटणारच.

शिवाय काळही बदलला. आता वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर नीट हीच परीक्षा ग्राह्य धरली जाते. बारावीचे गुण आता पात्रतेपुरते उरलेत. नीटच्या वाटेने जाणाऱ्या खुल्या गटातल्या मुलाला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून ५० टक्के लागतात. आयआयटी, एनआयटीसाठी बारावीत ७५ टक्के गुण किंवा बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये स्थान अशी अट असते. त्यापुढची सगळी शर्यत प्रवेश परीक्षेची. २०२४ साली नीटसाठी सुमारे २४ लाख मुलांनी नावं नोंदवली आणि एमबीबीएसच्या जागा होत्या सरकारी-खासगी मिळून एक लाखाच्या थोड्या वर. त्यातल्याही निम्म्याच्या आसपास खासगी कॉलेजातल्या, म्हणजे बहुतेकांना न परवडणाऱ्या. अशी गर्दी दाराशी असल्यावर दाराबाहेर दुकानं लागणारच.

आणि एक गोष्ट आपण विसरतो. ज्या 'लातूर पॅटर्न'चं नाव घेऊन गावोगावी बोर्ड लागतात, तो नावारूपाला आला तेव्हा त्यात कॉलेजच पुढं होतं. कॉलेजचे प्राध्यापक जादा तास घ्यायचे, सराव परीक्षा घ्यायचे, पेपर तपासून मुलांना समोर बसवून चुका दाखवायचे. फी एका ठिकाणी, शिकवणं एका ठिकाणी आणि निकाल वाईट लागला तर जाब विचारायचा तोही एकाच ठिकाणी. आता नाव तेच राहिलंय, पण पुष्कळ ठिकाणी आतला मालक बदललाय.

माझा आक्षेप नेमका इथं आहे. दोन ठिकाणी पैसे भरायला आमची ना नाही. पण दोन ठिकाणी पैसे भरल्यावर जबाबदारी दुप्पट व्हायला हवी की नाही? प्रत्यक्षात ती निम्मीही राहत नाही. आमच्या गटातल्या एका वहिनींनी हे एका वाक्यात सांगितलं. त्यांचा मुलगा दिवाळीनंतर खचला, रडायला लागला, जेवेना. त्या कॉलेजात गेल्या, तर तिथं कुणाला तो मुलगा माहीतच नव्हता. "तुमचं पोर क्लासचं, तिकडं विचारा." क्लासमध्ये गेल्या, तर तिथले समुपदेशक म्हणाले, "टी.सी.चा विषय कॉलेजचा, आमच्या हातात नाही. आणि फी तर परत मिळणार नाही." वहिनी मला म्हणाल्या, "ताई, पोराचं नाव दोन ठिकाणी आहे, पण त्याला ओळखणारं कुणी एका ठिकाणी नाही."

या वाक्यावर मी फार विचार केला. शाळेत असताना पोराला दोन दिवस ताप आला तरी बाईंचा निरोप यायचा. आता लाख-दीड लाख भरून आपण हा निरोपच गमावून बसलो का?

हजेरीचंच घ्या. बारावीच्या परीक्षेला बसायचं तर ७५ टक्के हजेरी हा बोर्डाचा नियम आहे. मूल कॉलेजच्या वर्गात बसतच नसेल, तर ही हजेरी लागते कशी, हे उघड गुपित. २०१८ साली राज्य शासनाने विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीच्या मुलांची हजेरी बायोमेट्रिक यंत्रावर घ्यायचा आदेश काढला होता, तो याच टाय-अपमुळे. यंत्रं आली, पण यंत्रावर बोट ठेवलं म्हणजे मूल शिकलं असं थोडंच आहे? आणि खोटी हजेरी पकडली गेली तर भोगणार कोण? करार करणारे दोघं बाजूला राहतात, परीक्षेचा फॉर्म अडतो तो आपल्या लेकराचा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, सोळाव्या वर्षीच मुलाला आपण काय शिकवतोय? की कागदावर एक असतं आणि खरं दुसरंच असतं, आणि मोठी माणसं ते हसत चालवून घेतात.

आता पैशाकडे वळू. आपल्याकडे फीचा आकडा विचारताना बायका संकोचतात. ते 'ह्यांनी' ठरवलं, 'ह्यांनी' भरलं. पण मंगळसूत्राची वाटी गहाण पडते, गटातून कर्ज निघतं, भिशी आधी उचलली जाते तेव्हा ते आपलंच असतं ना? मग हिशोबही आपल्याला कळायला हवा.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजून घेण्यापुरते आहेत, त्यांच्या जागी तुमच्या गावातले घाला. क्लासची फी वर्षाला एक लाख. क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, ते झाले १८ हजार. कॉलेजची फी ३० हजार. बाहेरगावी ठेवलं तर होस्टेल आणि मेस ८० हजार. एका वर्षाचे झाले २ लाख २८ हजार, दोन वर्षांचे ४ लाख ५६ हजार. यात पुस्तकं, मोबाइल, प्रवास, आजारपण, दर महिन्याला भेटायला जाणं काही धरलेलं नाही. आणि पहिल्या प्रयत्नात नाही झालं तर 'रिपीट'चं तिसरं वर्ष आहेच. गावात मुलाला सांगताना आपण म्हणतो, "तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो." बघतो म्हणजे कुठून, हे आपल्यालाच माहीत नसतं.

इथं एक फार महत्त्वाची गोष्ट. बँकांचं शैक्षणिक कर्ज हे प्रामुख्याने बारावीनंतरच्या शिक्षणासाठी असतं. सरकारी शिष्यवृत्त्या, फीमाफी यांचा मोठा भागही बारावीनंतरच, तोही रीतसर प्रवेशप्रक्रियेतून जागा मिळाली तर. क्लासच्या फीला यातलं काहीच लागू होत नाही. म्हणजे अकरावी-बारावीचा हा सगळा खर्च घरच्या सोन्यातून, शेताच्या तुकड्यातून आणि चढ्या व्याजाच्या उधारीतून होतो. आणि जेव्हा खरं कॉलेज सुरू होतं, तेव्हा घर रिकामं झालेलं असतं. दारापर्यंत पोहोचण्यातच गाडीभाडं संपलं, तर आत जाऊन राहायचं कशावर?

मुलींच्या बाबतीत तर हे फारच उलटं झालंय बघा. महाराष्ट्रात अनुदानित कॉलेजात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे, आणि ही सवलत आजची नाही, खूप जुनी आहे. पुढं २०२४ साली शासनाने आणखी एक निर्णय घेतला. ज्यांच्या कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर मात्र ही माफी नाही. म्हणजे अलीकडेही दार उघडं, पलीकडेही दार उघडं. मधल्या दोन वर्षांच्या पुलावर मात्र खासगी टोलनाका! आणि टोल भरायची वेळ आली की घरात काय ठरतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी इंटिग्रेटेड, आणि मुलीला "तू हुशार आहेस, तू घरी बसूनही करशील" असं कौतुक. हे कौतुक स्वस्तात पडतं, म्हणून केलं जातं. पुढं मुलगी सीईटीत मागे राहिली की आपणच म्हणतो, तिला तेवढी आवड नव्हती.

टाय-अपची कॉलेजं पुष्कळदा स्वयंअर्थसहाय्यित असतात, म्हणजे शासनाचं अनुदान नसलेली. म्हणून जी मुलगी गावातल्या अनुदानित कॉलेजात शिक्षण शुल्क न भरता शिकली असती, तिचंही त्या कॉलेजात शुल्क भरावं लागतं, आणि ते कशासाठी, तर जिथं ती बसणारच नाही त्या वर्गासाठी. यापेक्षा वेगळं काय सांगू?

मग करायचं काय? क्लास लावूच नका, असा उपदेश मी करणार नाही. तो देणं सोपं आहे, पाळणं अवघड. पण पैसे भरायच्या आधी आपण बायकांनी काही गोष्टींचा आग्रह धरलाच पाहिजे.

पहिली गोष्ट, दोन संस्था तर दोन पावत्या. कॉलेजची फी कॉलेजच्या नावाने, क्लासची क्लासच्या नावाने. "सगळं मिळून पॅकेज" या शब्दाला भुलू नका. शाळा-कॉलेजच्या शिक्षणावर जीएसटी नाही, क्लासवर आहे. म्हणून क्लासच्या पावतीवर जीएसटीचा नंबर आणि रक्कम वेगळी दिसली पाहिजे. घरात कुणी पगारदार असेल आणि जुन्या पद्धतीने आयकर भरत असेल, तर दोन मुलांपर्यंत शाळा-कॉलेजच्या ट्यूशन फीवर करात वजावट मिळते. क्लासच्या फीवर ती मिळत नाही, देणगीवरही नाही. पॅकेजच्या चिठ्ठीवर यातलं काहीच सिद्ध होत नाही. "अर्धे चेकने, अर्धे रोख" असं कुणी म्हणालं, तर रोख दिलेले पैसे आपण दिलेच नाहीत असं समजा. कारण उद्या परत मागायची वेळ आली तर ते कुठंच दिसणार नाहीत.

दुसरी गोष्ट, फी हप्त्याने. दोन वर्षांची फी एकदम भरली तर 'डिस्काउंट' मिळतो, असं गोड बोलून सांगतात. पण सोळा वर्षांच्या मुलाला फिजिक्स झेपतंय की नाही हे पहिल्या तीन महिन्यांत कळतं. त्याआधी दोन वर्षांचे पैसे अडकले, की मूल सुटू म्हणालं तरी आपण सुटू देत नाही. "एवढे पैसे भरलेत तुझ्यासाठी!" हे वाक्य कितीतरी घरांत मुलाच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं बसतं. सवलतीचे पाच-दहा हजार सोडा, पण मुलाची परतीची वाट मोकळी ठेवा.

तिसरी गोष्ट, परतीच्या पैशांचा नियम माहीत असू द्या. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलंय की सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, प्रवेश द्यायचा तो दहावीच्या परीक्षेनंतरच. भरलेल्या पैशांची पावती द्यावी. कोर्स चालू असताना फी वाढवू नये. नोट्स आणि इतर साहित्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत. मूल मधेच सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, होस्टेल आणि मेसची सुद्धा. दिवसाला पाच तासांहून जास्त शिकवू नये, आठवड्याची सुट्टी द्यावी. आणि मुलाच्या शाळा-कॉलेजच्या वेळात क्लास घेऊ नये. हे शेवटचं वाचलं की लक्षात येतं, टाय-अपचा सगळा डोलारा नेमका याच्या उलट उभा आहे. या सूचना आहेत, त्यांना कायद्याचं बळ देणं हे राज्याचं काम. पण फॉर्मवर सही करताना "फी परतीचं कलम कुठंय, दाखवा" असं विचारायला कायद्याची वाट कशाला बघायची? छापलेल्या फॉर्मवर "फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही" असं बारीक अक्षरात असेल, तर तिथंच बोट ठेवा.

चौथी गोष्ट, फ्लेक्सवरचे फोटो. चौकात एकाच मुलीचा फोटो दोन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर झळकलेला आपण बघतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यासाठीही नियम केलेत. निकालानंतर मुलाची लेखी संमती घेतल्याशिवाय फोटो वापरायचा नाही. आणि त्याने कोणता कोर्स केला, किती दिवस केला, पैसे भरून केला का, हेही सांगायचं. नुसती महिनाभराची टेस्ट सिरीज दिलेल्या मुलाला 'आमचा विद्यार्थी' म्हणून मिरवणं यातून थांबावं असा हेतू. क्लासवाल्यांना विचारा, "या वर्षी तुमच्याकडे एकूण मुलं किती होती आणि त्यातल्या किती जणांना सरकारी जागा मिळाली?" फोटो वीस दिसतात, पण एकूण आकडा विचारला की चहा मागवला जातो! फसवणूक झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवा, फ्रिजवर चिकटवा म्हटलं तरी चालेल.

पाचवी गोष्ट, प्रवेशाचा फॉर्म आपल्या घरात भरा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, आधी ते मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांच्या भागांतच होते. आता आपल्या गावातही मुलाला कॉलेजचे पसंतीक्रम भरावे लागतात. इथं क्लासवाले मदतीला येतात. "लॉगिन आयडी, पासवर्ड द्या, आम्हीच भरून देतो." आणि पहिल्या क्रमांकावर कुणाचं कॉलेज येतं, हे ओळखायला ज्योतिषी नको. पासवर्ड म्हणजे घराची किल्ली. ती शेजारणीलाही देताना आपण दोनदा विचार करतो ना?

सहावी गोष्ट, दुसरी वाट आहे का, हे एकदा तरी शोधा. गावातलं जुनं अनुदानित कॉलेज आणि त्यानंतर एखाद्या विषयाची शिकवणी, एवढ्यावर शिकून गेलेली मुलं आजही आहेत. एनसीईआरटीची पुस्तकं नीटचा पाया मानली जातात, ती इंटरनेटवर फुकट मिळतात. शिक्षण मंत्रालय आणि कानपूरच्या आयआयटीने २०२३ मध्ये 'साथी' नावाचं मोफत तयारीचं व्यासपीठ सुरू केलं. नागपूरच्या 'महाज्योती' संस्थेने इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी या परीक्षांचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण दिलंय, टॅबही दिलेत. मात्र अर्ज वेळेत करावा लागतो, म्हणून दहावीच्या सुट्टीतच चौकशी करा. सगळ्यांना हे जमेल असं नाही. मोबाइलवर एकट्याने अभ्यास करायला मुलाची शिस्त लागते आणि घरात शांतता. पण दोन महिने हे करून बघायला पैसे पडत नाहीत.

हे झालं आपल्या घरापुरतं. पण सगळा भार आईच्या खांद्यावर टाकून मला थांबायचं नाही. पावती मागणं आपलं काम खरं, पण तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्राध्यापकाची जागा रिकामी आहे, ती भरणं आपल्या हातात नाही. ज्या कॉलेजात वर्षभर शिक्षकच नाही, तिथं मुलाला पाठवा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? टाय-अपचं रोप या रिकाम्या जागांतच रुजलं. शासनाला ते खरंच उपटायचं असेल तर नुसती हजेरीची यंत्रं लावून भागणार नाही. अनुदानित कॉलेजात पूर्ण शिक्षक, चालू प्रयोगशाळा आणि कॉलेजच्याच वेळेत प्रवेश परीक्षेची तयारी, एवढं मिळालं तर निम्म्या आया आपोआप माघारी वळतील.

आणि तोवर जिथं टाय-अप आहे, तिथं तो लपवू नका, एवढी तरी सक्ती करा. कॉलेजच्या दारावर बोर्ड लावा. इथं कोणता क्लास शिकवतो, कॉलेजची फी किती, क्लासची किती, मूल आजारी पडलं, खचलं, सोडून जायचं म्हणालं तर कुणाला भेटायचं, त्या माणसाचं नाव आणि नंबर. दोघांनी मिळून पैसे घेतलेत ना? मग जबाबदारीही दोघांनी मिळून, सहीनिशी घ्या.

यंदा आमच्या गटाने ठरवलंय, की फी भरायला कुणी एकटीने जायचं नाही. चार-पाच जणींनी मिळून जायचं. एकटीला "मॅडम, सीट भरत आल्यात, आजच ठरवा" असं म्हणून घाबरवता येतं. पाच जणी समोर बसल्या की तोच माणूस खुर्ची पुढं ओढून हिशोब समजावून सांगतो. वाचता येत नसेल तर मुलीला बरोबर घ्या, फॉर्म घरी आणा, रात्री मोठ्याने वाचा. समजलं नाही ते खूण करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही. भाजीवाल्याकडे आपण दहा रुपयांची कोथिंबीर निवडून घेतो, इथं तर लेकराची दोन वर्षं आहेत.

आपण आपल्या मुलांना दोन ठिकाणी बसवू शकतो, एवढी कमाई करायची हिंमत आपल्यात आली, ही चांगलीच गोष्ट आहे. त्या पैशाला जाब विचारायची हिंमतही आता यायला हवी. जूनमध्ये फॉर्म भराल तेव्हा एवढंच करा. पर्समध्ये दोन पावत्या आल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठू नका.